कार्टूनपट लहान मुलांस दाखविण्यापूर्वी

आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ प्राथमिक शाळांत आता दूरदर्शन संच अथवा प्रक्षेपक आलेला आहे. पावसाळ्यात मैदान चिखलाने भरले, शनिवारी अर्धी शाळा असली, किंवा परीक्षा आटोपून मुलांचे मन अभ्यासातून उठले, म्हणजे ‘आज मुलांना एखादे कार्टून दाखवू’ असे आपल्या मनात येते. त्यात वावगे काहीच नाही. चांगला कार्टूनपट हा चांगल्या पुस्तकाइतकाच मुलांचा मित्र होऊ शकतो. परंतु येथे आपल्या हातून एक चूक वारंवार घडते. चित्रे रंगीत आहेत, पात्रे मासे, ससे किंवा सिंह आहेत, गाणी आहेत, अर्थात हे लहान मुलांसाठीच आहे असे आपण गृहीत धरतो आणि कळ दाबून हजेरीपट किंवा पोषण आहाराची नोंदवही पुढे ओढतो.

चित्रे काढून ती हलती करणे ही एक कला आहे. ते एखादे वय नव्हे. याचा पुरावा हवा असल्यास जपानमधील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८८ सालच्या एप्रिल महिन्यात तेथील स्टुडिओ जिब्ली या संस्थेचे दोन कार्टूनपट एकाच खेळात जोडीने प्रदर्शित झाले. पहिला हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’. त्यात दोन लहान बहिणी खेड्यातील घरी राहावयास येतात व त्यांची गाठ रानातील एका प्रेमळ, अजस्र प्राण्याशी पडते. दुसरा इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. त्यात १९४५ सालच्या बाँबवर्षावात आई गमावलेला एक मुलगा व त्याची चार वर्षांची बहीण उपासमारीने मरतात. दोन्ही चित्रपट आपापल्या परी श्रेष्ठ आहेत. दोन्ही हातांनी रेखाटलेले आहेत, दोन्हींत भावंडेच नायक आहेत. परंतु पहिला जो सहा वर्षांच्या मुलापुढे ठेवील त्याने दुसराही ठेवावा, असे कोणी म्हणणार नाही.

तेव्हा एखादा कार्टूनपट आपल्या वर्गास योग्य आहे किंवा नाही हे ठरवावयाचे कसे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

१. प्रमाणपत्र काय सांगते व काय सांगत नाही

आपल्या देशात चित्रपटगृहात दाखवावयाच्या प्रत्येक चित्रपटास १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वये प्रमाणपत्र घ्यावे लागते. सर्वांना पाहण्यास मोकळा तो ‘यू’, केवळ प्रौढांसाठी तो ‘ए’. पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाचा तो ‘यूए’ हा मधला वर्ग १९८३ मध्ये आला. २०२३ सालच्या दुरुस्तीने या मधल्या वर्गाचे आणखी तीन भाग पाडण्यात आले: सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील व सोळा वर्षांवरील. इंटरनेटवरून घरोघरी पोहोचणाऱ्या चित्रपटांसाठीही २०२१ च्या नियमांनी याच धर्तीचे वर्ग ठरवून दिले आहेत.

शिक्षकाने चित्रपट निवडताना प्रथम हे चिन्ह पाहावे, यात शंका नाही. ‘सात वर्षांवरील’ असे चिन्ह असेल, तर तो चित्रपट पहिलीच्या वर्गात लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु या चिन्हाची मर्यादाही ओळखावी. ते संपूर्ण देशातील मुलांसाठी एकदाच दिलेले असते. त्यात हिंसा, अर्वाच्य भाषा, व्यसने इत्यादींचा विचार असतो. आपल्या वर्गातील तेवीस मुलांपैकी कोणाची आई गेल्या श्रावणात गेली, कोणाचे आईबाप ऊसतोडीला गेले आहेत, कोण अंधाराला भितो, हे त्या मंडळास ठाऊक नसते. ते फक्त शिक्षकास ठाऊक असते.

२. आजीची गोष्ट आणि पडद्यावरील गोष्ट

येथे एक आक्षेप साहजिकच येईल. आपल्या बालकथांत भय व दुःख नाही काय? लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाटेत वाघ खावयास टपलेला असतो. कावळ्याचे शेणाचे घर पुरात वाहून जाते. ‘श्यामची आई’ वाचून आणि आचार्य अत्रे यांचा त्यावरील १९५३ सालचा चित्रपट पाहून महाराष्ट्रातील पिढ्यानपिढ्या रडल्या, आणि त्या रडण्याने कोणाचे वाईट झाले असे कोणी म्हणत नाही. मग मुलांना दुःखापासून इतके जपावयाचे कशाला?

आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर असे की मुलांना दुःखापासून जपावयाचे नसतेच. त्यांना दुःखात एकटे सोडावयाचे नसते. आजी जेव्हा वाघाची गोष्ट सांगते, तेव्हा मूल तिच्या मांडीवर असते. वाघ आला म्हणताच मुलाचे डोळे मोठे झाले, तर आजी आवाज उतरवते, त्याच्या पाठीवरून हात फिरवते, प्रसंगी वाघालाच जरा मूर्ख करून टाकते. मूल हसले, की ती वाघाला पुन्हा जवळ आणते. गोष्ट सांगणारी व्यक्ती सारा वेळ मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत असते आणि त्या चेहऱ्याप्रमाणे गोष्ट बदलत असते.

चित्रपट मुलाकडे पाहत नाही. त्याचा वेग ठरलेला, आवाज ठरलेला, वाघाचा आकार ठरलेला. मूल घाबरले म्हणून तो थांबत नाही आणि मुलाने प्रश्न विचारला तर उत्तर देत नाही. म्हणून जे काम तेथे आजी करीत होती, ते येथे शिक्षकाने केले पाहिजे. चित्रपट योग्य की अयोग्य हा प्रश्न चित्रपटापुरता कधीच सुटत नाही. कोणते मूल, कोणाच्या सोबतीने, कोणत्या वेळी पाहणार, हे त्यात धरावेच लागते.

३. एक अनुभव

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका शनिवारी मी दुसरीच्या वर्गास ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट दाखविला. तो प्रसिद्ध आहे, त्याला पारितोषिक मिळाले आहे, माशांची गोष्ट आहे, एवढेच मला माहीत होते. मी तो आधी पाहिलेला नव्हता. आरंभीच्या काही मिनिटांतच एक मोठा मासा छोट्या माशाच्या घरट्यावर येतो. बाप शुद्धीवर येतो तेव्हा सर्वत्र अंधार असतो. तो पत्नीला हाका मारतो, आणि उत्तर येत नाही. वर्गात एक मुलगा होता, त्याची आई त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वारली होती. तो रडला नाही, उठूनही गेला नाही. मी मागे बसून नोंदी पूर्ण करीत होतो.

मंगळवारी मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला व म्हणाला, “गुरुजी, त्या माशानं अजून मोठ्यानं हाक मारली असती, तर ती आली असती का?” मी त्याला “जा, खेळ जा” असे म्हणालो. दुसरे काय म्हणावे हे मला सुचले नाही. चित्रपट वाईट नव्हता; पुढे मी तो अनेकदा पाहिला व तो उत्तम आहे असे माझे मत झाले. दोष माझा होता. मुलाला मी त्या अंधारात नेले आणि स्वतः मात्र त्याच्यासोबत गेलो नाही.

त्या दिवसापासून मी काही कसोट्या ठरवून घेतल्या. त्या पुढे याच चित्रपटाच्या आधारे मांडतो, म्हणजे त्या कशा लावावयाच्या हे स्पष्ट होईल.

४. कथेचा परिचय

‘फाइंडिंग निमो’ हा अमेरिकेतील पिक्सार या संस्थेचा, अँड्र्यू स्टँटन यांनी दिग्दर्शित केलेला २००३ सालचा चित्रपट. तो सुमारे शंभर मिनिटांचा आहे. कथा ऑस्ट्रेलियाजवळच्या समुद्रात घडते. मार्लिन हा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश जातीचा मासा. त्याची पत्नी व शेकडो अंडी बाराकुडा मासा खाऊन टाकतो. एकच अंडे वाचते, तोच निमो. त्याचा उजवा पर जन्मतः लहान आहे. बाप त्याला अतिशय जपतो, इतका की शाळेच्या पहिल्याच दिवशी निमो चिडून, बापाचे न ऐकता, दूर उभ्या असलेल्या होडीला शिवावयास जातो आणि पाणबुड्याच्या हाती सापडतो. सिडनी शहरातील एका दंतवैद्याच्या काचेच्या पेटीत त्याची रवानगी होते. डोरी नावाच्या विसरभोळ्या निळ्या माशाच्या सोबतीने बाप त्याचा शोध घेतो. वाटेत शार्क, खोल अंधारातील दिव्याचा मासा, जेलीफिश, कासवे, देवमासा अशी संकटे व मित्र भेटतात. शेवटी भेट होते, आणि बाप मुलाला मोकळे सोडावयास शिकतो.

५. कसोट्या

पहिली कसोटी: कथेचा धागा मुलाच्या हाती राहतो काय? लहान मूल एका वेळी एकाच पात्राच्या मागे जाते. या चित्रपटात दोन धागे आहेत: समुद्रात बाप, पेटीत मुलगा. दृश्य सारखे इकडून तिकडे उडी घेते. चौथीच्या मुलास ‘इकडे हे घडत असताना तिकडे’ हे सहज कळते. पहिलीच्या मुलाला मध्येच बाप नाहीसा झाला म्हणजे तो मेला असेही वाटू शकते. चित्रपट मराठीत उपलब्ध नसेल, तर भाषेचीही अडचण येते. ज्या भाषेत दाखविणार त्याच भाषेत तो आधी ऐकून पाहावा.

दुसरी कसोटी: भय कोणत्या रूपात येते, किती वेळ राहते व कसे संपते? अगदी लहान मुलास दिसण्याची भीती वाटते: मोठे दात, विचित्र डोळे, एकाएकी जवळ येणारे तोंड. आठ-नऊ वर्षांच्या मुलास घडू शकेल अशा गोष्टीची भीती वाटते: चुकणे, बुडणे, आईबापांपासून दुरावणे. या चित्रपटात दोन्ही प्रकार आहेत. शार्क प्रथम ‘आम्ही मासे खाणे सोडले’ असे म्हणतो व रक्ताचा वास येताच उलटतो. मित्र म्हणून आलेला क्षणात शत्रू होतो, हे लहानांना फार भिववते. खोल अंधारातील माशाचे दात क्षणभरच दिसतात, पण त्या आधीचा अंधार व संगीत भय वाढवतात. मात्र या चित्रपटाचा गुण असा की प्रत्येक संकट लवकर संपते व मागोमाग हसू येते. याउलट १९९४ सालच्या ‘द लायन किंग’मध्ये बापाच्या मृत्यूनंतर दुष्ट काका छाव्याला सांगतो की तुझ्यामुळेच बाप मेला, आणि हे असत्य जवळजवळ अखेरपर्यंत उलगडत नाही. आईवडिलांना काही झाले तर ते आपल्यामुळेच झाले, असे लहान मुलांना पुष्कळदा वाटत असते. म्हणून भय किती मोठे यापेक्षा ते किती वेळ टांगलेले राहते, हे अधिक पाहावे.

तिसरी कसोटी: मृत्यू व ताटातूट कशी दाखविली आहे? येथे आईला मारताना दाखविलेले नाही. बाप बेशुद्ध होतो, आणि पुढचे दिसते ते रिकामे घरटे. १९४२ सालच्या ‘बॅम्बी’ या चित्रपटातही हरिणीला गोळी लागलेली दिसत नाही. बर्फात पाडस आईला हाका मारते व नंतर आई आता परत येणार नाही, एवढे वडील सांगतात. परंतु तेथे लगेच वसंत ऋतू येतो व पक्षी गाऊ लागतात. मुलाला रडावयास अवधीच मिळत नाही. ‘निमो’त बाप उरलेले एक अंडे हाती घेऊन, तुला मी काही होऊ देणार नाही, असे वचन देतो. दुःखानंतर सांत्वन आहे, ही जमेची बाजू. मात्र दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. पुढे निमो दोनदा मेल्यासारखा दिसतो व दोनदा ‘परत येतो’. ज्याचे कोणी खरोखर गेले आहे, त्या मुलाच्या मनात यावरून खोटी आशा उभी राहू शकते.

चौथी कसोटी: हसे कोणाचे होते? निमोच्या लहान पराला चित्रपटात कोणी हिणवत नाही. पेटीतील म्होरक्या माशाचाही पर मोडका आहे, आणि तो निमोला कीव न करता काम सांगतो. दिव्यांग मूल वर्गात असेल, तर हा भाग त्याला व इतरांना खूप काही देऊन जाईल. डोरीच्या विसरण्यावर मात्र सारे हसतात. चित्रपट शेवटी तिचा मोठेपणा दाखवितो, पण मधल्या सुट्टीत एखाद्या मंदगती मुलाला ‘डोरी’ हे नाव पडण्यास वेळ लागत नाही. दंतवैद्य व त्याची दातांना तारा लावलेली भाची ही माशांच्या नजरेने भयंकर दाखविली आहेत. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक यावयाचे असेल, त्या आठवड्यात हा चित्रपट न लावलेला बरा.

पाचवी कसोटी: मूल कशाचे अनुकरण करील? होडीला कोण शिवून येतो, अशी पैज मुले लावतात आणि निमो पुढे जातो. आपल्या गावात होडी नसेल, पण विहीर, शेततळे, नदीचा डोह असतो. चित्रपट त्या धाडसाचा परिणाम दाखवितो, ही गोष्ट बोलून पक्की करावी. दुसरे असे की निमो सांडपाण्याच्या नळातून समुद्रात जातो, असे येथे दाखविले आहे. खरा मासा तसा जगत नाही, हे स्पष्ट सांगावे.

सहावी कसोटी: आपल्या गावच्या जीवनाशी त्याचे नाते काय? शेवटी माशांचा मोठा थवा मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो व निमो त्यांना खाली पोहावयास सांगून जाळे तोडवितो. देशावरच्या वर्गात टाळ्या पडतील. पण रत्नागिरी किंवा पालघरच्या किनाऱ्यावरील शाळेत ज्यांचे वडील पहाटे जाळे घेऊन जातात, त्या मुलांना क्षणभर आपला बापच दुष्ट ठरल्यासारखे वाटेल. तेथे शिक्षकाने आधीच सांगावे की ही गोष्ट माशाने सांगितलेली आहे. कोळ्याने सांगितली असती तर ती निराळी झाली असती. त्याचप्रमाणे बीडसारख्या जिल्ह्यात ज्या मुलांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि जी आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांच्यासाठी मुलाला शोधत समुद्र ओलांडणारा बाप हा केवळ गोष्टीतला बाप उरत नाही. हा चित्रपट त्यांना धीरही देईल आणि व्याकूळही करील. हंगाम सुरू होऊन चार दिवस झाले असताना तो लावू नये. आईबाप परतण्याच्या सुमारास लावावा.

६. निर्णय

वरील कसोट्या लावून या चित्रपटाबद्दल माझा निर्णय असा. अंगणवाडीतील मुलांस तो दाखवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला एक तास, व त्याहूनही कमी असल्यास उत्तम, अशी सांगितली आहे. शंभर मिनिटांचा चित्रपट त्यात बसतच नाही. पहिलीलाही तो अवघड जातो. दुसरीस तुकड्यातुकड्यांनी, शिक्षकाने सोबत बसून दाखविता येईल. तिसरी व चौथीसाठी तो फार चांगला चित्रपट आहे, पण त्याच्या आधी व नंतर बोलणे झाले पाहिजे.

पहिली-दुसरीसाठी प्रारंभ लहान चित्रपटांनी करावा. आपल्या देशातही ही परंपरा जुनी आहे. ‘बॅम्बी’वर काम केलेले चित्रकार क्लेअर वीक्स हे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये येऊन आपल्या कलावंतांना शिकवून गेले, आणि १९५७ मध्ये तेथे जातककथेवर ‘द बनियन डीअर’ हा लघुपट तयार झाला. विजया मुळे यांचा १९७४ सालचा ‘एक अनेक और एकता’ हा काही मिनिटांचा लघुपट तर अनेक पिढ्यांच्या स्मरणात आहे. काही मिनिटांच्या चित्रपटानंतर मुलांच्या चेहऱ्याकडे पाहावयास व बोलावयास भरपूर वेळ उरतो.

७. प्रत्यक्ष दाखविताना

(अ) शिक्षकाने चित्रपट आधी दोनदा पाहावा. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा वही घेऊन. वहीत तीन रकाने आखावे: कितवे मिनिट, काय घडते, आणि वर्गातील कोणाला ते लागू शकते. तिसऱ्या रकान्यात नाव आले, तर त्या मुलाच्या घरी आधी बोलावे. ही वही वर्गात उघडी ठेवू नये.

(आ) मुलांना कथा आधी थोडक्यात सांगावी. काय होणार हे कळले म्हणजे मजा जाते, हा समज मोठ्यांचा आहे. लहान मूल तीच गोष्ट शंभरदा ऐकते. निमोचा आरंभ लहान वर्गात दाखवूच नये, शिक्षकाने तो स्वतःच्या तोंडाने सांगावा: “निमोची आई आणि भावंडे एका मोठ्या माशाने खाल्ली. बाबांना त्याचे फार वाईट वाटले. म्हणून ते निमोला फार जपतात.” हा भाग अजिबात गाळला, तर बाप नुसताच कटकट्या वाटतो. परंतु ओळखीच्या आवाजात ऐकलेले दुःख पडद्यावरील अंधारापेक्षा मुलाला पेलते.

(इ) खोली पूर्ण काळोखी करू नये. आवाज बेताचा ठेवावा. चित्रपटातील अर्धे भय संगीतात असते, आणि आवाज उतरविला की तेच दृश्य पुष्कळसे सौम्य होते. लहान मुलांना एकमेकांस लागून बसवावे. ज्याला नको वाटेल, त्याने कोणास न विचारता उठून बाहेर बसावे, ही मुभा आधीच जाहीर करावी आणि बाहेर कोणीतरी मोठे माणूस असावे.

(ई) चित्रपट तीन तासिकांत विभागावा. थांबावयाचे ते संकटात नव्हे, तर आशेच्या ठिकाणी. निमो पकडला गेला तेथे घंटा झाली, तर मूल ती भीती घेऊन घरी जाते. पेटीतील मासे त्याचे सोबती होतात, तेथे पहिला भाग संपवावा. बाप शोधत येत आहे ही बातमी समुद्रभर पसरत निमोपर्यंत पोहोचते, तेथे दुसरा.

(उ) शिक्षकाने पडद्याकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून बसावे. चित्रपट त्याने आधी पाहिलेला आहेच. कान झाकणारे, शेजाऱ्याचा हात धरणारे मूल लगेच दिसते. परंतु अगदी स्तब्ध झालेल्या मुलाकडे अधिक लक्ष द्यावे. लहान मुलाला धीर शब्दांनी येत नाही, जवळ घेतल्याने येतो. मोठ्या मुलाला समजावून सांगितल्याने येतो.

८. चित्रपटानंतर

‘या चित्रपटापासून काय बोध मिळाला?’ हा प्रश्न प्रथम विचारू नये. त्याने मुले आपल्याला हवे ते उत्तर देऊन मोकळी होतात. ‘तुला कोणती जागा आवडली? कोणती आवडली नाही? तू निमो असतास तर काय केले असतेस?’ असे विचारावे. चित्र काढावयास द्यावे. जे मूल बोलत नाही ते काढते. बाप योग्य की मुलगा योग्य, यावर चौथीच्या वर्गात छान चर्चा होते. दोघांचेही थोडे चुकले, हे मुले स्वतःच शोधून काढतात. समुद्रफूल व क्लाउनफिश एकमेकांचे रक्षण कसे करतात, हा परिसर अभ्यासाचा पाठ तर आयताच मिळतो. शाळेत निमोचे शिक्षक म्हणजे एक पाकट मासा. मुलांना पाठीवर बसवून तो समुद्र दाखवितो. अशा सहलीत मुलांवर लक्ष कसे ठेवावे, ही चर्चा शिक्षकांनी आपसातही करावी.

आणि एखादे मूल दोन-तीन दिवसांनी एकटे येऊन काही विचारील. त्यासाठी मनाची तयारी ठेवावी. मृत्यूविषयी विचारले, तर खरे व सोपे उत्तर द्यावे. ‘ती झोपली आहे’ असे म्हणू नये, कारण मग मूल झोपेलाच भिऊ लागते. ‘ती गावाला गेली’ असे म्हणू नये, कारण मग ते वाट पाहते.

समारोप

बंधुभगिनींनो, चित्रपटाची निवड हे काही स्वतंत्र शास्त्र नव्हे. आपण पुस्तक निवडताना, सहलीची जागा निवडताना जे करतो तेच येथे करावयाचे: आधी स्वतः जाऊन पाहावयाचे, मग मुलांना न्यावयाचे, आणि नेल्यावर हात सोडावयाचा नाही. चांगले कार्टूनपट मुलांपासून हिरावून घ्यावे, असा या लेखाचा मुळीच हेतू नाही. उलट, ज्या चित्रपटात दुःख आहे तोही दाखविण्याचे धैर्य आपल्यास यावे, एवढ्यासाठीच ही तयारी.

त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी दोन आठवड्यांनी दिले. शाळा सुटल्यावर त्याला थांबवून मी म्हणालो, “नाही रे, कितीही मोठ्याने हाक मारली असती तरी ती आली नसती. त्याच्या हाकेत काही कमी नव्हते.” तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग रडला. मी त्याच्याजवळ बसलो. जे त्या शनिवारी करावयास हवे होते, ते दोन आठवडे उशिरा झाले. आपल्यापैकी कोणाच्या हातून असा उशीर होऊ नये, म्हणून हे लिहिले.